चौथं मॅपिंग

दौलतराव त्या दिवशी उल्हासनगरला निघाले ते कानाच्या मशीनचं मॅपिंग करून घ्यायला. ही चौथी खेप. पालेगावहून अंबरनाथ आणि तिथून शेअर रिक्षानं कॅम्प नंबर तीन. शेजारी मुलगा अक्षय बसला होता. 'येतंय ना ऐकू, मग पुन्हा पुन्हा कशाला?' एवढं त्यानं मोबाईलवर लिहून दाखवलं आणि तोंड फिरवलं.

ऐकू येत होतं, पण समजत नव्हतं, तिथंच तर घोडं अडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी टीबीच्या इंजेक्शनांनी दौलतरावांचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून ओळखीची, छोटी वाक्यं ते ओठांवरून वाचायचे, बाकीचं लिहून दाखवावं लागायचं. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. आत बारीक तारा, कानामागे मशीन आणि डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारी चकती. कुठल्या तारेला किती करंट द्यायचा हे कॉम्प्युटरवर ठरवायचं, ते मॅपिंग. पण तीन वेळा ठरवूनही माणसं नुसती घरघरत होती, आणि भांडं पडलं की कळ थेट डोळ्यांत जायची.

दौलतरावांना सगळ्यांचं बोलणं समजलं नसतं तरी चाललं असतं. त्यांना एकीचंच समजून घ्यायचं होतं, आणि ती दोन वर्षांपूर्वी वारली होती.

ती म्हणजे त्यांची बायको अंजनी. दुपारी दोनच्या सुमाराला माजघरातच तिनं प्राण सोडला. अक्षय रात्रपाळी करून तिथंच, तिच्यापासून चार हातांवर झोपला होता. "आई झोपेतच गेली, मला काहीच ऐकू आलं नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. पण दौलतरावांनी तिला पाहिलं तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि मान दाराकडे वळलेली. त्या वेळी ते दाराबाहेर ओट्यावर, घराकडे पाठ करून विळा घासत बसले होते. तिनं आपल्याला हाका मारल्या असणार आणि आपण ठोंब्यासारखे घासत राहिलो, हे त्यांना आतून पोखरत होतं.

मशीन लागल्यापासून रोज दुपारी दोनला माजघरातून बाईचा आवाज यायचा. हळू, अडकत अडकत. चकती काढली की बंद, लावली की सुरू. शब्द मात्र एकही हाती लागत नव्हता. अक्षयला विचारलं तर 'मशीनची खरखर असेल' असं लिहून तो घराबाहेर पडायचा.

क्लिनिकच्या खाली जीन्सच्या शिलाई मशिनी धडधडत होत्या. मॅपिंग करणाऱ्या अनुया मॅडमनी नेहमीची पाटी दाखवली, 'आवाज आला की बोट वर करा.' दौलतरावांनी बोट वर केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मॅडमनी हात थांबवला आणि कागदावर लिहिलं, 'काका, मी आत्ता काहीच वाजवलं नव्हतं.'

दौलतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अंदाजानं करत होतो, मॅडम. तुम्ही एवढा जीव तोडून करता, दर खेपेला नाय नाय कसं म्हनायचं?"

"आणि मोठा आवाज दिला की 'चालंल' म्हणायचात, तेही असंच?" मॅडमनी लिहून विचारलं.

"दुखायचं जरा. पन सोसलं."

अनुया मॅडम आधी हसल्या, मग चिडल्याच. भराभर लिहीत गेल्या. 'इथं भिडस्तपणा चालत नाही, काका. हळू आवाजांना तुम्ही खोटं हो म्हणालात, म्हणून ते तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. मोठे सोसलेत, म्हणून ते डोकं फोडतात. बोलणं या दोन्हींच्या मधे चिरडलंय.'

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. एकेक तार, दीड तास. या वेळी दौलतराव अगदी देवासमोर बसल्यासारखे खरं बोलले. शेवटी मॅडमनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला आणि विचारलं, "काका, चहा घेणार का?"

"बिनसाखरेचा," दौलतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं. मॅडमचेही डोळे भरले. अक्षय तेवढा खिडकीशी उभा राहून बोटं मोडत होता.

ते घरी पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. "बाबा, थकलात. मशीन काढून पडा जरा," अक्षय म्हणाला. शब्द न् शब्द कळला. त्याच्या आवाजात कापरं होतं, तेही कळलं.

"नाय. तू पन बस हितं."

"मला कामं आहेत..."

"बस म्हनतो ना."

दोघं माजघरात बसले. बाहेर नव्या बिल्डिंगचं काम जेवणासाठी थांबलं होतं. मातीच्या जमिनीला ओलसर, औषधासारखा वास येत होता. असाच वास आजारपणात अंजनीच्या अंथरुणाला यायचा. दौलतराव मनातल्या मनात विनवत होते. एकदाच आपलं नाव तिच्या तोंडून ऐकू दे, मग काय शिक्षा द्यायची ती दे.

दोन वाजले. आवाज आला... हळू, पण आता स्वच्छ.

"अक्षय... ऊठ ना रे... छातीत कळ आली..."

दौलतराव आवाजाच्या दिशेनं पुढं सरकले.

"बाबांना आन... त्यांना हाक नाय ऐकू जायची... हात धरून आन..." मग नुसती धाप. मग अगदी जवळून, "अक्षय... डोळं मिटू नको... जागा हायेस तू... बगितलं मी..."

आवाज संपला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

दौलतरावांना ते सोसेना. त्यांनी चकती उपटून मुठीत घट्ट धरली. सगळं थांबलं. माजघर अकरा वर्षं होतं तसं मुकं झालं, आणि त्यांनी हळूच मान वळवली.

अक्षय भिंतीशी मुटकुळं करून बसला होता. त्यानं दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले होते, डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ हलत होते. अकरा वर्षं ओठांवरून माणसं वाचणाऱ्या बापाला ते सहज वाचता आलं.

"आलो, आई... आलो... आलो..."