इद्वालच्या शेतातली वाट

हसा, पोरांनो, खुशाल हसा. पण हे मला इद्वालनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि थापा मारण्याइतकी अक्कल त्याला कधीच नव्हती.

काम साधं होतं, फाटकाची किल्ली मागायची. मेरेरिद म्हातारी गेली होती. चर्चकडे जाणारा नदीकाठचा रस्ता पुरात बुडालेला. उरली वरची जुनी वाट, ती इद्वालच्या शेतातून जाते. आम्ही चौघे खांदेकरी त्याच्या दारात गेलो.

"जमायचं नाही," तो म्हणाला. "एकदा प्रेत गेलं की ती वाट कायमची गावाची, हे ठाऊक नाही होय मला? उद्या कुत्री फिरवायला याल."

"अरे, तुझी सून अडली होती तेव्हा रात्रभर हीच उशाशी बसली," मी म्हणालो. "तुझी नात हिच्या हातावर जन्मली."

"चहा पाजला की तेव्हा! आणि मेलेल्या माणसाला कसली रे घाई, एम्लिन?"

शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शवपेटी ठेवून आम्ही ट्रॉली त्या बुडालेल्या रस्त्यावर पाण्यात घातली. नदीनं ट्रॉली उलटवली. पेटी तिसऱ्या दिवशी सापडली, झाकणाशिवाय. म्हातारीला मी अंगठीवरून ओळखलं. आणि हा इद्वाल दुकानात म्हणतो, "पोहत गेली म्हणे!" तेव्हाच त्याचं नरडं धरायला हवं होतं. धरलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

नोव्हेंबरची एकवीस तारीख, शनिवार, रात्रीचे पावणेबारा. पाऊस थांबून कडाक्याची थंडी पडली होती. एक मेंढी खोकत होती म्हणून इद्वाल बॅटरी घेऊन बाहेर आला. फाटकापलीकडे माणसं उभी होती. खांद्यावर शवपेटी. माणसं तीनच.

"एम्लिन! नाटकं बंद कर!"



कुलूप तसंच होतं. माणसं मात्र आत आली.

पेटीचा चौथा कोपरा खाली झुकलेला... इद्वालचा खांदा त्याखाली गेला. त्यानं दिला नव्हता. गेला.

मानेवर पाणी ठिबकलं. गार.

पाय चालू लागले. चर्चकडे नाही...

घराकडे.

दार. जिना. वर नेस्ट झोपलेली. त्याची नात, सहा वर्षांची.

"तिथं नको," तो म्हणाला. "शेतातून न्या... कुठूनही न्या... पाया पडतो..."

पेटी पलंगावर ठेवली गेली.

...

सकाळी नेस्ट गेलेली होती. अंथरूण कोरडं ठणठणीत. डॉक्टर म्हणाला, छातीत पाणी आहे, पोर बुडून मेलीय.

रस्ता अजून पाण्याखालीच होता. इद्वालनं आपल्या हातानं फाटक उघडलं. पोरीच्या पेटीचा चौथा कोपरा त्यानं मागितला. मी नाही म्हटलं.

ती मेली त्या सकाळी सगळं शेत गोठलेल्या दंवानं पांढरं झालं होतं. फाटकापासून त्याच्या दारापर्यंत मात्र, पेटी मावेल एवढा हिरवा पट्टा. आत येणारा. बाहेर जाणारा आम्ही घराच्या चारी बाजूंनी शोधला...

नव्हता.