डिस्कच्याही वरचं फोल्डर

सकाळपासून त्याने सात वेळा हात टेकले होते आणि सातही वेळा ते परत कीबोर्डवर ठेवले होते. काम म्हटलं तर पोरखेळ. कोड लिहायच्या एडिटरसाठी एक प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, बनवायचं. उघडी फाइल कुठल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधली आहे ते त्याने ओळखायचं आणि त्या फोल्डरमधलं, तीस दिवसांत कुणी न उघडलेलं सगळं रोज चार वाजता पुसून टाकायचं. ओळखायची रीतही सरळ. फाइलपासून एकेक फोल्डर वर चढायचं, प्रोजेक्टची खूण दिसली की थांबायचं. डिस्कचं टोक आलं की हात हलवत परत यायचं, कारण त्याच्यावर काही नसतं.

हे कार्टं मात्र टोकाच्याही वर एक पायरी चढायचं आणि सांगायचं, सापडलं.

"अजून घोळच?" घड्याळकाकांनी फोनवर विचारलं. टीमच्या प्रमुखांना सगळे मागून याच नावाने ओळखत. "चारला मला चालू दिसलं पाहिजे."

"दिसेल," म्हणत त्याने फोन आपटला.

पलीकडच्या खोलीत वडील खोकले. त्याच्या नोकरीवरून दोघांचं वाजलं, त्याला महिना झाला होता. घरात माणसं दोनच, आणि तीही एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती. आपणच पडतं घ्यावं असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज राग आडवा यायचा.

वैतागून त्याने त्या वरच्या फोल्डरची यादी मागवली.

स्वयंपाकघर. बाल्कनी. मागची खोली. प्रत्येकापुढे शेवटचं उघडल्याची वेळ, आणि सगळ्या वेळा बरोबर होत्या. ऑफिसातलं कुणीतरी चेष्टा करतंय, असं पुटपुटत तो यादीत खाली गेला.

तळाशी पुसायच्या गोष्टी होत्या. एकच ओळ.

बाबा. तीस दिवस.

चारला दहा मिनिटं कमी होती. त्याने प्लगइन बंद केलं. यादी तशीच राहिली.

तो धावत पलीकडे गेला. वडील खिडकीशी बसले होते.

"बाबा, चुकलं माझं. बोला ना काहीतरी."

वडिलांनी मान वळवली नाही. चार वाजायला आले तसा तो परतला.

तो बोलला तेवढं पुरलं होतं, बाबांची ओळ गेली होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

तिथे दुसरी ओळ आली.

मुलगा. तीस दिवस.

चारला एक मिनिट.

"बाबा," त्याने हाक मारली.

पलीकडच्या दाराची कडी आतून लागली.