हरवलेले आठ ब्लॉक

"चोरीचा आळ असता तर मी इथवर आलेच नसते, अण्णा," विद्या म्हणाली. "पण ते म्हणतात, मी माझ्याच कामाशी बेइमानी केली. ते मला सहन होत नाही."

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. सन एकोणीसशे सदुसष्ट. बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनामागच्या त्या बसक्या घरात संताजी माने सुपारी कातरत ऐकत होते. सव्वीस वर्षं रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून काढल्यावर त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली होती. शेजारी बसलेले आप्पाजी निपाणीचे, टपालखात्यातून निवृत्त झालेले. संताजींच्या प्रत्येक तपासात ते बरोबर असत आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेत.

"पहिल्यापासून सांग," संताजी म्हणाले. "आणि आमच्या आप्पाजींना कळेल असं सांग."

विद्या मल्लेश्वरमच्या एका गणनकेंद्रात काम करी. तिथे खोलीभर पसरलेलं एक गणकयंत्र होतं. त्याचा कायमचा साठा असे एका फिरत्या ड्रमवर. ड्रमचे सारखे कप्पे पाडलेले होते. त्यांना ब्लॉक म्हणत, आणि प्रत्येकाला क्रमांक होता. कुणाचे आकडे कुठल्या ब्लॉकात जायचे, कधी लिहायचे, कसे परत काढायचे, हे सगळं पाहणारा कार्यक्रम विद्याने स्वतः लिहिला होता आणि तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून ती तो सांभाळत होती.

"ड्रम सतत फिरतो," ती म्हणाली. "एकेक ब्लॉक लिहायचा तर दर वेळी ती जागा समोर येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मी आलेले ब्लॉक यंत्राच्या स्मृतीत एका टोपलीत ठेवते. बारा झाले की ज्या क्रमाने जागा समोर येतात, त्या क्रमाने सगळे लिहून टाकते."

"म्हणजे पोस्टमन आधी गल्लीवार पत्रं लावतो आणि मग निघतो, तसं!" आप्पाजी खुलून म्हणाले.

"अगदी तसंच, काका. त्यामुळे यंत्राचं काम तिपटीने वेगात होतं. बाहेरून आणलेल्या कार्यक्रमालाही ते जमलं नव्हतं." हे सांगताना तिची मान ताठ झाली, मग पुन्हा खाली गेली. "आणि आता तोच बाहेरचा कार्यक्रम परत आणायचं म्हणताहेत. उद्या दहाला समिती बसणार. मला काढणार, आणि माझ्या कार्यक्रमालाही."

घडलं होतं ते असं. जयसिंगराव नावाचे इंजिनियर एका धरणाच्या भिंतीचं गणित करत होते. खंडेनवमीला सकाळी त्यांचे ऑक्टोबरचे आकडे ब्लॉक चाळीस ते सत्तेचाळीसमध्ये जायला निघाले. त्यानंतर यंत्र बंद करून आयुधपूजा झाली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी. आज सकाळी जयसिंगरावांनी ते आठ ब्लॉक वाचले तर आत सप्टेंबरचे जुने आकडे! संचालकांनी तिथल्या तिथे यंत्राला हात लावायची सगळ्यांना मनाई केली.

"गणित पुन्हा करता येणार नाही?" संताजींनी विचारलं.

"तीन आठवडे लागतील. समिती उद्या आहे."

"आणि तुझ्यावरच संशय का?"

"गेल्या महिन्यात भर बैठकीत जयसिंगराव म्हणाले, घरगुती कार्यक्रमावर धरणं बांधत नाहीत. मी उलट बोलले. शिवाय..." ती अडखळली. "दसऱ्याला मी एकटीच केंद्रात गेले होते. दारवानाच्या वहीत तशी नोंद आहे."

"कशाला गेली होतीस?"

"ते सांगणार नाही. पण यंत्र मी चालू केलं नव्हतं."

आप्पाजींनी संताजींकडे अर्थपूर्ण नजर टाकली. संताजींनी अडकित्ता मिटला आणि चपला पायात सरकवल्या.

यंत्राच्या खोलीत अजून धुपाचा वास होता. दर्शनी फळीवर वर घड्याळ, त्याखाली बारीक दिव्यांची ओळ आणि तिच्याखाली टाईपरायटर होता. मुख्य कळ पार पलीकडे, दाराजवळच्या भिंतीवर होती. खिडकीत झेंडूची एक सुकलेली जाडजूड माळ गुंडाळून ठेवली होती.

"ही सकाळी मीच काढली," जयसिंगराव म्हणाले. उंच, इस्त्रीचे कपडे, बोलणं मोजकं. "संताजीराव, माझं वैर नाही. पण विचार करा. यंत्र बिघडलं असतं तर ब्लॉकात कचरा सापडला असता. सापडले ते सप्टेंबरचे आकडे, एकही चूक नसलेले. यंत्र असं करत नाही. ते माणूस करतो. आणि क्रमांक देऊन जुनं परत लिहिणं इथे एकाच व्यक्तीला जमतं."

"आज सकाळी तुम्ही काही लिहिलंत?"

"नाही. फक्त वाचलं."

"वाचताना लिहिण्याच्या टोपलीला धक्का लागतो का?" संताजींनी विद्याला विचारलं.

"नाही. वाचनाची टोपली वेगळी ठेवली आहे. यंत्र सुरू झालं की लिहिण्याच्या टोपलीत किती ब्लॉक बाकी आहेत, ती यादी तेवढी कोरी होते."

बसवंत हा यंत्र चालवणारा. तो घाम पुसत आला.

"साडेदहाला कळ खाली केली, सर. वहीत लिहिलंय. नियम मला पाठ आहे. लाल दिवा पेटलेला असेल तर टोपलीत काहीतरी बाकी आहे. मग आधी 'लिही' बटण दाबायचं, दिवा विझला की कळ खाली करायची."

"त्या दिवशी लाल दिवा होता?"

"नव्हता, सर. कळीजवळ उभा राहून मी स्वतः बघितलं. लाल काही दिसलं नाही. भटजी घाई करत होते, तरी बघितलं. आईची शपथ."

"सरी, बरं," संताजी म्हणाले. "आणि नंतर?"

"पूजा झाली, फोटो झाला. पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं, म्हणून आम्ही सगळे घरी गेलो."

फोटो टेबलावरच होता, स्टुडिओतून नुकताच आलेला. यंत्रासमोर नारळ, लिंबं, मांडून ठेवलेले पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर. घड्याळापासून टाईपरायटरपर्यंत माळेचे दोन घसघशीत पदर सोडलेले. आप्पाजींनी फोटोतली माणसं मोजली. अकरा भरली. संताजी मात्र माणसांकडे पाहतच नव्हते.

शेजारच्या खोलीत ठकुबाई भिंग लावून बसल्या होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं, जरीच्या कामातलं. आता त्या मोहरीएवढे काळे मणी बारीक तारांत ओवून यंत्राच्या स्मृतीच्या जाळ्या विणत होत्या.

"माळ पण मीच केली, अण्णा," त्या अभिमानाने म्हणाल्या. "सव्वादहाला स्वतः चढवली, यंत्र चालू असताना. देवाला काय स्वल्प फुलं घालायची? चार शेर झेंडू घातला. आणि आत जे यंत्राचं डोकं आहे ना, त्याच्या जाळ्या पण माझ्याच. सांजेला वीज काढा, सकाळी घाला, सांगितलेलं मण्याला याद राहतं. आमच्या सासऱ्यांना तर जेवलेलं याद राहत नव्हतं!"

आप्पाजी हसले आणि विसरून गेले. यंत्राच्या खोलीत परत येऊन संताजींनी टाईपरायटरच्या कागदाची गुंडाळी मागवली. खंडेनवमीच्या नऊ पन्नासला यंत्राने छापलं होतं: ब्लॉक चाळीस ते सत्तेचाळीस स्वीकारले, नोंद ११६४ ते ११७१.

"ही नोंद म्हणजे काय?"

"टोपलीत येणाऱ्या प्रत्येक ब्लॉकाला मी चढता आकडा देते," विद्या म्हणाली. "ब्लॉकाच्या शेवटी तो लिहिला जातो."

"आज वाचलेल्या आठ ब्लॉकांच्या शेवटी कुठले आकडे आहेत?"

जयसिंगरावांनी कागद पुढे केला. ७०२ ते ७०९.

टाईपरायटरच्या गजाखाली संताजींना काहीतरी सापडलं. ते त्यांनी मुठीत धरलं.

"संचालकांना बोलवा," ते म्हणाले. "सगळ्यांनाच बोलवा."

सगळे जमेपर्यंत आप्पाजी कुजबुजले, "बसवंतच. घाबरलाय बघा कसा."

"तो खरं बोलतोय, आप्पाजी. इथे सगळेच खरं बोलताहेत. म्हणून तर घोळ झालाय."

संचालकांसकट सहा जण यंत्रासमोर उभे राहिले. संताजी खिडकीपाशी होते.

"जयसिंगराव म्हणतात, कुणीतरी जुने आकडे परत लिहिले. लिहिले असते तर त्या ब्लॉकांना नवी नोंद मिळाली असती, अकराशे एकाहत्तरच्या पुढची. पण त्यांच्यावर सातशे दोनपासूनच्या नोंदी आहेत, सप्टेंबरच्याच. म्हणजे त्या ब्लॉकांना सप्टेंबरनंतर कुणाचाही हात लागलेला नाही. शत्रूचा नाही आणि मित्राचाही नाही."

"पण माझे आकडे स्वीकारले होते!" जयसिंगराव म्हणाले.

"टोपलीत स्वीकारले होते. ते होते आठ, आणि टोपली भरते बाराला. म्हणजे नऊ पन्नासपासून लाल दिवा पेटलेला असणारच."

"दिवा नव्हता, सर!" बसवंत कळवळून म्हणाला.

संताजींनी सुकलेली माळ उचलली आणि फोटोत होती तशी फळीवर सोडली. मग दाराजवळच्या कळीपाशी जाऊन उभे राहिले.

"आप्पाजी, इकडे या. दिवे दिसतात?"

आप्पाजी कळीपाशी गेले आणि पाहतच राहिले. वर घड्याळ होतं, खाली टाईपरायटर होता. मधली दिव्यांची ओळ झेंडूच्या आड गुडूप झाली होती. आणि ही तर दोन दिवसांची सुकलेली माळ!

"सव्वादहाला माळ चढली आणि साडेदहाला कळ खाली आली. बसवंतला लाल काही दिसलं नाही, हे खरं. पण रेल्वेत पहिल्या दिवशी शिकवतात, सिग्नलचा दिवा दिसत नसेल तर धोका समजून गाडी थांबवायची. न दिसणारा दिवा आणि विझलेला दिवा एक नव्हे."

ठकुबाईंनी तोंडावर पदर धरला. "अय्यो! म्हणजे मीच पोरीच्या जिवावर उठले?"

"थांबा अक्का, तुमचं अजून संपलेलं नाही." संताजी विद्याकडे वळले. "तू एवढी हुशार, मग तुला हे का नाही सुचलं? कारण बसवंतच्या वहीत लिहिलं होतं, 'दिवा नव्हता'. तू आपल्या दिव्यावर विश्वास ठेवलास आणि ब्लॉक लिहिले गेले असं धरून बसलीस. आता सांग. ते आठ लिहिलेच गेले नाहीत. यादी कोरी झाली. टोपलीतला माल कुणी काढला?"

विद्याचे डोळे ठकुबाईंकडे गेले, आणि ती एकदम टाईपरायटरच्या खुर्चीत जाऊन बसली.

"मणी!" ती म्हणाली. "वीज गेली तरी मण्यांना आठवतं. त्यानंतर कुणी काही लिहिलेलंच नाही. ते अजून तिथेच आहेत! सर, परवानगी द्या. यादीत आठ ही संख्या हाताने भरते, म्हणजे टोपलीत माल आहे हे यंत्राला कळेल."

संचालकांनी मान हलवली. कळ वर गेली, पंखे घुमू लागले. विद्याने माळ हलकेच बाजूला केली आणि फळीवरची बटणं एकेक करून खालीवर केली. लाल दिवा पेटला. आपण इतकी वर्षं या माणसाबरोबर हिंडतो आहोत, याचा आप्पाजींना असा अभिमान कधी वाटला नव्हता.

"अक्का, इकडे या," विद्या म्हणाली. "'लिही' बटण तुम्ही दाबा."

ठकुबाईंनी पदराला बोट पुसून बटण दाबलं. दिवा विझला. विद्याने ते आठ ब्लॉक ड्रमवरून परत वाचायला लावले आणि टाईपरायटर खडखडू लागला. पहिल्या ब्लॉकाच्या शेवटी ११६४. शेवटच्याच्या ११७१.

जयसिंगरावांनी खिशातली टिपणवही काढून आकडे ताडून पाहिले. पाहायला बराच वेळ लागला.

"सगळे बरोबर आहेत," ते म्हणाले. "विद्याबाई, मी चुकलो. उद्या समितीपुढे हे मी स्वतः सांगेन. आणि धरणाचं उरलेलं गणित याच कार्यक्रमावर करेन, हेही."

"माझंही चुकलंच," विद्या म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण मान ताठ होती. "टोपली रिकामी नसताना यंत्र बंद होता कामा नये. ते मी माणसाच्या नजरेवर सोडलं होतं. या आठवड्यात त्यालाही अडसर बसवते."

संताजींनी मूठ उघडली. तळहातावर बन्नीचं, म्हणजे शमीचं, एक वाळलेलं पान होतं, दसऱ्याचं सोनं.

"दसऱ्याला एकटी आली होतीस ती याच्यासाठी ना?"

विद्या लाजली. "सगळ्यांना सोनं दिलं, अण्णा. मग म्हटलं, यालाच का नाही? हे सांगितलं असतं तर सगळे हसले असते."

कुणीच हसलं नाही. संचालकांनी ते पान घेतलं आणि पुन्हा गजाखाली होतं तिथेच सरकवून ठेवलं.

ठकुबाई अजून आकड्यांच्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. त्यांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं.

"हे सगळं माझ्या मण्यांत होतं?"

"हो अक्का," विद्या म्हणाली. "दोन दिवस तुम्हीच सांभाळलंत."

ठकुबाईंनी भिंग पदराने पुसलं, डोळ्याला लावलं आणि अर्धी विणलेली जाळी पुन्हा मांडीवर घेतली.