जाळीचे चार बोल्ट

शुक्रवारी सकाळी भूपेंद्र पाटील दुकानाचं शटर वर करत होता, तेवढ्यात जिनेश शेठचा फोन आला.

"पाटील, पंप उलटा फिरतोय. पुढे जायचा माल सगळा मागे येतोय. जसे असाल तसे या."

भूपेंद्रला हसूच आलं. हात्तिच्या, एवढंच ना! मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन इकडच्या तिकडे झाल्या की मोटर उलटी फिरते. आयटीआयच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात हे. वायरी बदलायच्या, बटण दाबायचं, शेठचा चहा प्यायचा आणि परत यायचं. पाने, टेस्टर आणि पिवळी टेप पिशवीत टाकून त्यानं गाडीला किक मारली.

नंदुरबार मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीच्या पथारी लागतात. नजर जाईल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत पडलेली. बाहेरचा माणूस गाडीवर शिंकून शिंकून बेजार होतो. भूपेंद्रचं नाक या वासाला कधीच सरावलेलं, तरी त्या दिवशी त्यानं तोंडाला रुमाल बांधला. रुमालाचं कारण ठसका नव्हता. कारखान्याच्या फाटकाशी कोण बसलेलं असेल, ते त्याला ठाऊक होतं.

जिनेशचे वडील धर्मचंदशेठ वाळल्या मिरचीचे व्यापारी. पोरानं ओल्या मिरचीत हात घातला. ओली मिरची दळायची, मीठ घालायचं, मोठ्या टाक्यांत मुरवायची आणि पिंपं भरून सॉसवाल्यांना पाठवायची. आता हा मिरचीचा लगदा म्हणजे बेणं असतो. जाड, चिकट, बियांनी भरलेला. साधा पंप त्याच्यापुढे हात टेकतो. तिथे लागतो स्क्रू पंप. रबराच्या नळीत पिळाचा स्टीलचा दांडा फिरतो आणि दर फेऱ्याला ठरलेलं माप पुढे ढकलतो. लगदा पडतो वरच्या उघड्या हौदात, हॉपरमध्ये. हॉपरच्या तळाशी हाताएवढ्या पात्यांचा मोठा स्क्रू असतो, तो लगद्याला नळीच्या तोंडात कोंबतो. त्या स्क्रूत कुणाचा हात जाऊ नये म्हणून वर लोखंडी जाळी असते. जाळीला चार बोल्ट.

या चार बोल्टांनीच भूपेंद्रची झोप उडवली होती.

गेल्या जानेवारीत त्यानंच या पंपाचं रबर बदललं होतं. त्यासाठी जाळी काढून भिंतीला टेकवली. काम झालं, आणि जाळी न बसवताच त्यानं मशीन चालवून पाहिलं. सगळे फिटर असंच करतात. ट्रायलमध्ये काही खोट निघाली तर चार बोल्ट परत कोण खोलत बसणार? ट्रायल झकास झाली. जाळीवर एरवी लगदा अडून बसायचा, तो सरसर खाली उतरायला लागला. शेठ खूश झाला, भूपेंद्र चहाला गेला. फुलीबाई रोजच्या सवयीनं कडेचा लगदा हातानं आत लोटत होती. पाच वर्षं तिचा हात जाळीवर येऊन थांबत होता. त्या दिवशी तो थांबला नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीत भूपेंद्रनं लिहून दिलं, की जाळी बसवूनच आपण गेलो. बाईनं ती स्वतः काढली असावी. खाली सही केली. वर्ष झालं त्याला. सोमवारी कोर्टात साक्ष होती.

फुलीबाई फाटकाशीच होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला. तिनं त्याला रुमालासकट ओळखलं.

"भाऊ, सोमवारले येशी ना?"

"येसू." त्यानं गाडी थांबवली, पण बंद केली नाही.

"जाळी तू काढेल व्हती, हाईच सांग. माले दुसरं काई नको. मन्हा घरना माणूस बी म्हनस, तूच उतावळी व्हती. पोरगी बी तेच म्हनस." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी उतावळी नव्हती, भाऊ."

"दखू," असं मोघम म्हणून तो आत सटकला. लाज वाटली त्याला, खोटं कशाला बोलू. कानाच्या पाळ्या तापल्या.

आत पंपावरचा लखन हात बांधून उभा होता. "दखा भाऊ. टाकीमा जावाले पायजे, तर मांगे ई ऱ्हायना."

खरंच होतं. हॉपरमध्ये खालून लाल लगदा हळूहळू वर चढत होता. भूपेंद्रनं मेन बंद केला, वायरी बदलल्या, नव्या जोडाला पिवळी टेप गुंडाळली आणि बटण दाबलं. लगदा निमूटपणे खाली उतरायला लागला. चहा आला. जिनेश शेठनं सुटकेचा श्वास सोडून सोमवारची आठवण केली. "लिहून दिलंय तेवढंच बोला, पाटील. जास्त खोलात जाऊ नका." भूपेंद्रनं बशीत चहा ओतला, फुंकला आणि प्यायलाच नाही.

तेवढ्यात लखनची हाक आली. लगदा परत वर चढत होता.

भूपेंद्र धावला. पिवळी टेप जागच्या जागी. मोटरच्या अंगावर दिशेचा बाण असतो. पंखा बरोबर बाणाच्या दिशेनं फिरत होता. त्यानं दांड्यावर खडूची रेघ मारली आणि उकिडवा बसून पाहिलं. दांडाही सुलटाच फिरत होता. मोटर सुलटी, दांडा सुलटा, आणि माल उलटा! असं होत नाही. स्क्रू म्हणजे काही माणूस नाही, की लहर लागली म्हणून मागे फिरेल. त्यानं पाइपावरचा व्हॉल्व पाहिला, टाकीवर चढून पातळी पाहिली. टाकीत सकाळइतकाच माल होता, एक बोटही उतरला नव्हता.

"मग हाई येस कोठून?" लखननं विचारलं.

भूपेंद्र नुसता येरझाऱ्या घालायला लागला. पाना उचलायचा, ठेवायचा. हात पुसायचा, परत पुसायचा. मशीनपुढे आपलं डोकं चालत नाही, असं पंधरा वर्षांत त्याला झालं नव्हतं.

लखननं लगद्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ नही, भाऊ."

"काय?"

"टाकीमधला माल मुरेल शे. खारट पायजे. हाऊ तर आताच दळेल शे."

भूपेंद्रनंही चाखून पाहिलं. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण खारटपणाचा पत्ता नव्हता. आंबूस वासही नव्हता. अर्ध्या तासानं लगदा जाडा व्हायला लागला. बिया दिसायला लागल्या, अख्ख्या, एकही फुटलेली नाही. मग सालीचे तुकडे, आधी नखाएवढे, मग बोटाएवढे. दळलेलं परत जुळून येत होतं. लखननं एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत टाकून दिला.

बाराला जेवणाची सुट्टी झाली. बाहेर देठ खुडणाऱ्या बाया डबे घेऊन निंबाखाली गेल्या. लखन दारापर्यंत गेला आणि वळला.

"भाऊ, तुम्ही बी चला. मी आठे थांबत नही."

"तू हो पुढे. मी आलोच."

तो गेला. भूपेंद्रनं मेन स्विचचा दांडा खाली ओढला. मोटर घरघरत थांबली. पंखा थांबला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकदम शांतता झाली, पत्रे तेवढे उन्हानं कडकड वाजत होते.

हॉपरमध्ये मात्र माल वर येतच होता.

त्याला पळावंसं वाटलं, तो दाराकडे दोन पावलं गेला आणि परत फिरला. तळाचा स्क्रू पाहिल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हती. फिटरची जात ती. जाळीखाली सगळं गच्च भरलेलं, काही दिसत नव्हतं. त्यानं चारही बोल्ट खोलले, जाळी उचलली आणि भिंतीला टेकवली.

टेकवताना लोखंडाचा जो आवाज झाला, तो त्याच्या ओळखीचा होता. वर्षभर रोज तो कानात वाजत होता.

तो हॉपरकडे वळला.

हॉपरमध्ये मिरची होती. लगदा नाही, मिरची. अख्खी, लालभडक, देठासकट. देठ हिरवेगार होते, आत्ताच शेतातून तोडल्यासारखे. त्यानं एक उचलली. ती ओली होती. हॉपरच्या कडेला हात टेकला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की तिथला पिवळा पट्टा दिसत नाही. फुलीबाईच्या अपघातानंतर शेठनं कडेला पिवळा पट्टा मारून घेतला होता, 'हात घालू नये' असं रंगवून. आता तिथे जुना हिरवा रंग होता. नुसता हिरवा, धुळीनं भरलेला.

मोटर सुरू होती. मेनचा दांडा वर होता. त्यानं तर तो खाली ओढला होता.

पाठीमागे पावलं वाजली.

फुलीबाई आत आली. दोन्ही हातांनी टोपली धरून. तिनं टोपली खाली ठेवली, कंबर सरळ केली आणि कपाळाचा घाम पुसला. उजव्या हातानं. भूपेंद्रनं ती बोटं मोजली. पाच होती. परत मोजली.

देवा रे! अजून काही झालेलंच नव्हतं. साक्ष नव्हती, सही नव्हती. जाळी तिथे, दोन हातांवर, भिंतीला टेकवलेली. चारही बोल्ट त्याच्या मुठीत, घामानं ओले. तिला मिठी मारून रडावं असं त्याला वाटलं. बसवायची, बस. चार बोल्ट आवळायचे. माणूस आयुष्यभर देवाकडे मागतो आणि मिळत नाही, ते त्याला मिळालं होतं.

तो जाळीकडे वळला. तिला हातही लावला.

"पाटील!" ऑफिसातून शेठचा आवाज आला. "झालं का? बाहेर ट्रॅक्टर ताटकळलेत!"

"झालं शेठ, होतंय!"

हॉपरमध्ये मिरची आता हलत नव्हती. पुढेही नाही, मागेही नाही. पंप मात्र वेगळ्या आवाजात गुरगुरत होता. त्यानं लाल बटण दाबून तो बंद केला. आत काही अडकलं असेल का? वायरी बरोबर लागल्या असतील का? जाळी बसवली आणि परत उलटा फिरला, तर पुन्हा चार बोल्ट खोलायचे. आधी एकदा सुलटा चालतो एवढं पाहून घेऊ. मग जाळी. मग पक्कं आवळून टाकू, कायमचं.

त्यानं जाळीवरचा हात काढला. बोल्ट खिशात टाकले.

"फुलीबाई, जराशीक लांब ऱ्हाय," तो म्हणाला. आवाजात केवढी माया होती त्याच्या. "दोन मिनिटं फक्त. ट्रायल व्हऊ दे, मंग जाळी बसाडस."

त्यानं हिरव्या बटणावर अंगठा ठेवला.

फुलीबाई लांब गेली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. थकवा होता, दिवस संपताना बायांच्या चेहऱ्यावर असतो तसा.

"दर खेपले तू हाईच म्हनस, भाऊ," ती म्हणाली.

त्याला अंगठा उचलायचा होता. तो उचलत होता, असंच त्याला वाटलं. बटण आत गेलं. खाली मोठा स्क्रू फिरायला लागला, मिरची गदगदली आणि कडेला अडून बसली.

फुलीबाईनं उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या, फुटू नयेत म्हणून. मग ती खिडकीपाशी गेली. खिडकीच्या कट्ट्यावर तशाच हिरव्या बांगड्या मांडलेल्या होत्या, सहा-सहाच्या जुडीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कट्ट्यावर जागा उरली नव्हती. तिनं या सहा खाली जमिनीवर ठेवल्या आणि ती हॉपरकडे आली.