विहिरीपाशी भरलेली ओटी

अनघा त्या दिवशी सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, सेम्बावांगला गेली ती देवीची ओटी भरायला. सिनेमाबिनेमाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. श्रावणातला शुक्रवार, अंगावर ठेवणीतली साडी, पिशवीत नारळ, तांदूळ आणि आईने पुण्याहून पाठवलेला हिरवा खण. खणाच्या एका टोकाला आईने सुपारीची गाठ मारून दिली होती. "मनातलं सांग नि गाठ न सोडता ठेव," असं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

मनातलं एकच होतं. लग्नाला तप उलटलं, इंजेक्शनांनी पोट काळंनिळं झालं, आणि शेवटच्या खेपेनंतर डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या होत्या की आता शरीराला विश्रांती द्या. याचा अर्थ न कळायला अनघा काही कुक्कुलं बाळ नव्हती. घरी येऊन नळ मोठा सोडून ती बाथरूममध्ये पोटभर रडली. आता एक मूल सोडून तिला जगाकडून काही नको होतं, आणि ते कोण देतंय याची चौकशी करण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

देऊळ बंद होतं. इथली देवळं दुपारी कुलूप लावतात, हे इतकी वर्षं राहूनही नवराबायको दोघं ऐन वेळी विसरली.

"मग तोवर ते बघून येऊ या?" नवरा अमेय म्हणाला. त्याचा चेहरा असा काही खुलला की देवळाची वेळ हा मुद्दामच विसरला की काय, अशी अनघाला शंका आली.

'ते' म्हणजे एका जुन्या कोरियन सिनेमाची जागा. अमेयचं शरीर आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत नोकरी करायचं, जीव मात्र कृष्णधवल सिनेमांत अडकलेला. या सिनेमात कोरियातली एक बाई जहाजावर गेलेल्या नवऱ्याला शोधत, तान्हं मूल पाठीशी बांधून, दक्षिणेच्या बंदरावर येते. नवरा मिळत नाही. त्यातला खेड्याचा भाग इथल्याच एका वाडीत चित्रित केलेला. शेवटी ती विहिरीपासून उठून चालू लागते आणि पाठीवरचं बाळ मान वळवून थेट आपल्याकडे बघतं. ते दृश्य अमेयने बायकोला कितीदा दाखवलं असेल! तो कॅमेऱ्याचं कौतुक करायचा, आणि ती त्या बाळाची नजर चुकवत बसायची.

टॅक्सीवाले चिनी काका कच्च्या वाटेच्या तोंडाशीच थांबले. कडेला जळलेल्या कागदांची राख, अर्धवट उदबत्त्या, मांडून ठेवलेली संत्री. "सेव्हन्थ मंथ लाह," ते म्हणाले. "डोन्ट गो इनसाइड." चिन्यांचा सातवा महिना म्हणजे मेलेल्यांना जिवंतांत फिरायची मोकळीक. पण अमेय तोवर उतरलासुद्धा होता.

आत वाडी नव्हतीच. माजलेलं गवत, रंबुटानची दोन म्हातारी झाडं आणि सिमेंटच्या झाकणाने बंद केलेली एक विहीर. भर दुपार, पण झाडांखाली ओल्या मातीचा आणि शिळ्या दुधाचा वास कोंडला होता. अमेय मोबाइलवरचं चित्र समोर धरून, झाडाशी झाड जुळवत पलीकडे निघून गेला. रातकिडे दिवसाढवळ्या किरकिरत होते. ते एकदम थांबले.

विहिरीच्या कठड्यावर एक बाई बसली होती.

फिकट कपडे, केसांचा चापून घातलेला अंबाडा, आणि पाठीवर जाड कापडात गुंडाळलेला फुगवटा. मूल झोपलंय, असं अनघाला वाटलं. बाईने तिच्या पिशवीकडे पाहिलं. मग सावकाश छातीवरची गाठ सोडली...

मूल घसरणार म्हणून अनघाने धावत जाऊन दोन्ही हात पुढे केले. कापडात कोणी नव्हतं. पण तिच्या हातांवर वजन आलं. ऊन, ओलसर, क्षणभरच. आणि गेलं.

बाईने ते रिकामं कापड मांडीवर पसरलं आणि नुसती बघत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, पळून जायचं होतं! पण आपल्या बायकांची गंमत अशी, की कुणी पदर पसरून समोर बसलं की हात आपसूक ओटीच्या सामानाकडे जातात. देवीसाठी काढलेली ओटी परत घरी नेववत नव्हती. अशा वेळी समोरची सवाष्ण आहे का, एवढं विचारायचं असतं. जिवंत आहे का, असं विचारायची पद्धत नाही. अनघाने तेही विचारलं नाही, हेही नाही. ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, सुपारीच्या गाठीचा खण ठेवला.

"मला मूल हवंय हो..." तिच्या तोंडून मराठीतच निघालं. "काहीही घ्या... पण द्या."

बाईने ओटीतले चिमूटभर दाणे उचलले आणि अनघाच्या पदरात टाकले. भरलेल्या ओटीतलं थोडं परत द्यायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. दाणे ओले होते.

"कुणाशी बोलत होतीस गं?" मागून अमेय आला. कठड्यावर कोणी नव्हतं. नारळ नव्हता, खणही नव्हता.

घरी येऊन अनघाने ते दाणे रीतीप्रमाणे भातात शिजवले आणि एकटीने खाल्ले. पुढच्या महिन्यात तिला दिवस राहिले. डॉक्टरीणबाई तपासण्या करून थकल्या, आई फोनवर रडली, देवीला साडी गेली. अनघा सुखाने वेडी व्हायची बाकी होती. विहिरीचं ती कोणाला बोलली नाही.

नाताळच्या सुट्टीत एका संध्याकाळी अमेयने तोच सिनेमा लावला. अनघा पोटावर हात ठेवून बसली. शेवटचं दृश्य आलं. बाई विहिरीपासून उठली, पाठमोरी झाली. पाठीवरचं कापड सैल लोंबत होतं.

"बाळ कुठे गेलं?" अनघाने विचारलं.

"कुठलं बाळ?"

"तिच्या पाठीवरचं... आपल्याकडे बघणारं!"

"काहीतरीच काय! तिला मूल नसतंच. म्हणून तर तो नवरा..." अमेय बोलता बोलता पुढे वाकला. "ए, ते बघ. तिच्या हातात काय आहे? तुमच्याकडच्या खणासारखं वाटतंय."

त्रिकोणी घडी. एका टोकाला सुपारीएवढी गाठ.

पडद्यावरची बाई चालता चालता थांबली. आजवर ती कधी वळली नव्हती; आता वळली. खण तिने कमरेला खोचला. पाठीवरचं कापड ओढून घेतलं, दोन्ही हातांनी पुढे पसरलं, आणि कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली.

अनघाच्या पोटात बाळ पहिल्यांदाच हललं. ते पुढच्या बाजूला आलं, पडद्याच्या दिशेला, आणि तिथेच ढुशा देत राहिलं.

"नाही," अनघा पुटपुटली. दोन्ही हातांनी तिने पोट आवळून धरलं. "दिलं ना तुम्ही... आता नाही देणार मी."

बाई पापणीही न हलवता उभी होती. कापड पसरलेलंच होतं.

अमेयने रिमोट उचलला, परत खाली ठेवला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "हा शॉट एवढा लांब नव्हता गं."