कोपऱ्यातल्या खोलीची घंटा

आगीची घंटा बंद केलीत ना? असू दे, रागवत नाही. रात्रपाळीत डोळे मिटायला लागले की कुणाचाही हात त्या बटणाकडे जातो. बसा, आमच्या मेहुण्यांचं ऐका.

मेहुणे आगीच्या घंटा दुरुस्त करायचे. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचा दीड. दिवसभर शिड्या चढून पाय भरून आलेले, नुकतीच पाठ टेकलेली, आणि नर्सांच्या वसतिगृहातून फोन आला. घंटा तिसऱ्यांदा वाजली होती. धूर कुठेच नव्हता.

ते पोचले तेव्हा घंटेचा आवाज बंद केला होता, पोरी पुन्हा झोपल्या होत्या. पण तळमजल्यावरच्या घंटेच्या पॅनेलवरचा आगीचा लाल दिवा काही केल्या जाईना. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. वॉर्डनबाई शाल गुंडाळून उभ्या. म्हणाल्या, "तो मजलाच बंद करून टाका, दादा. पोरी थकून मेल्यात नुसत्या. सकाळी ड्यूटी आहे त्यांची."

एक बटण दाबायचं होतं. लोक आगीला भीत नाहीत हो, झोपमोडीला भितात. मेहुण्यांचं बोट बटणापर्यंत गेलंही. मग म्हणाले, एकदा बघून येतो, उगाच मनाला टोचणी नको.

बाईंनी किल्ली दिली, पण वर आल्या नाहीत. त्या खोलीत वर्षापूर्वी आग लागली होती. एक मुलगी झोपेतच धुराने गुदमरून गेली; घंटा वाजलीच नव्हती. तेव्हापासून कुलूप.

मेहुण्यांनी दार उघडलं, टॉर्च छताकडे धरला आणि जागच्या जागी थांबले. धूर हुंगणारा डिटेक्टर तिथे नव्हताच. आगीनंतर लगेच काढलेला. नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.

डिटेक्टर काढला की पॅनेल बिघाड दाखवतं. आग नाही. कधीच नाही.

मागे कुणीतरी खोकलं. दमलेला खोकला.

"बाई?"

...

पॅसेज रिकामा. शेजारच्या खोलीचं दार मात्र अर्धवट उघडं. आत दोघी गाढ झोपलेल्या. टॉर्च आपसूक वर गेला.

डिटेक्टरवर प्लॅस्टिकची टोपी.

रंगकामाची धूळ जाऊ नये म्हणून घालतात. काम झालं की काढायची. रंग होऊन महिना उलटला होता. टोपी असली की आत धूर शिरत नाही, आणि पॅनेलला सगळं ठणठणीत दिसतं.

पुढची खोली. टोपी.

त्याच्या पुढची. टोपी.

अख्खा मजला आंधळा... आणि त्याखाली निजलेल्या पोरी.

मेहुण्यांनी दारं ठोठावली. पोरी वैतागल्या. एक म्हणाली, "काका, तुम्हाला घरदार नाही का?" ते शिडी लावत गेले, टोप्या काढून पिशवीत टाकत गेले. शेवटची काढून खाली आले तर लाल दिवा विझलेला. बाई म्हणाल्या, मी हातही लावला नाही.

सकाळी आमच्या ताईने पिशवी उपडी केली. टोप्या नव्या, रंगाचे शिंतोडे उडालेल्या. त्यांत एक जुनी.

बाहेरून काळीकुट्ट. काजळी ताईच्या बोटांना लागली.

आतून... पांढरी. धुराचा एक कणही आत गेला नव्हता.