पागोट्यांची डोली

वनाला जिवंत खाली आणायचं, एवढ्यासाठी आम्ही चौघं सातपुड्यात शिरलो होतो. १९३४ सालातला चैत्र संपत आला होता. मांडी मोडलेला वना एका घळीत पडला होता, आणि त्याच्या डोक्यावरच्या कड्याला आग्या मोहोळं लोंबत होती.

ही बातमी आणली पुनानं. तो आणि वना बांबू तोडायला गेले होते. वनाच्या पायाखालचा दगड निसटून मोहोळावर आदळला, माशा उठल्या आणि पळता पळता वना घळीत कोसळला. पुना कसाबसा गावात पोचला तेव्हा त्याचं तोंड इतकं सुजलं होतं की त्याच्या आईनंही त्याला आवाजावरून ओळखलं.

आमच्या शुश्रूषा पथकाचे म्होरके चुडामणनाना. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे जखमी उचलून आलेला हा माणूस शिरपुरात आम्हाला पट्ट्या बांधायला शिकवायचा. नानांचे नियम दोन. पहिला, आधी जागा बघायची, मग जखमी. कारण आपल्यातला एक पडला की जखमी दोन होतात आणि उचलणारा एक कमी होतो. दुसरा, जखमीचा नातेवाईक पथकात घ्यायचा नाही. मी छगन, दवाखान्यातला कंपाउंडर. हे नियम मला तोंडपाठ होते आणि पहिला तर फारच आवडायचा, कारण मी मुळात भित्रा. तिसरा कौतिक, अंगानं रेड्यासारखा आणि बोलायला महाग.

पण त्या दिवशी दुसरा नियम निघण्याआधीच मोडला. घळीची वाट ठाऊक असलेला पुना तर अंथरुणाला खिळलेला. दुसरा माहीतगार होता मगन, वनाचा थोरला भाऊ. नानांनी खूप वेळ मान हलवली आणि शेवटी त्याला पुढे घातलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही घळीच्या तोंडाशी पोचलो. आणि मी वर बघितलं! कड्याच्या पोटाला पखाली टांगाव्यात तशी काळी मोहोळं ओळीनं लटकत होती. त्यांच्यावरून मधूनच एक लाट सरकायची, चकाकायची आणि विरायची. त्या माशाच होत्या, हजारोंनी. त्यांचा घुमारा कानात नव्हे, दातांत जाणवत होता. खाली एका कपारीत अर्धा आत, अर्धा बाहेर वना दिसला. तो पाणी मागत होता.

नाना म्हणाले, अंधार पडेपर्यंत कुणी हलायचं नाही. दिवस मावळला की माशा जड होतात.

मगनला ते पटेना. त्यानं काय केलं असेल? आमच्याकडे जो तो करतो तेच! माशांपासून बचाव म्हणून काळी घोंगडी डोक्यावरून ओढली आणि वनाच्या नावानं हाक मारत धावत सुटला.

वरचा घुमारा बदलला. एक मोहोळ फाटल्यासारखं झालं. काळा ढग खाली आला तो थेट घोंगडीवर! काळी लोकर, केसाळ, हलणारी. माशांना ते अस्वलच वाटलं असणार. नाना ओरडले, "घोंगडी फेक!" मगननं ती फेकली. तो आंधळ्यासारखा परत फिरला. कौतिकनं त्याचा हात धरला, आम्ही करवंदीच्या जाळीत घुसलो, काट्यांनी सोलून निघालो आणि जमिनीला तोंड लावून पडलो. माझ्या मानेवर तीन ठिकाणी आग पेटली. ओरडायची सोय नव्हती. पलीकडे टाकलेली घोंगडी माशांनी जिवंत झाली होती.

बऱ्याच वेळानं त्या परतल्या. मी सुरीच्या पात्यानं मगनचे काटे खरवडून काढले. त्याचा एक डोळा मिटला होता. दुसऱ्यानं तो नानांकडे असा बघत होता की मला त्यांची काळजी वाटली. तुमचा भाऊ असता तर बसला असता का, असं त्यानं विचारलं. नाना कपारीकडे तोंड करून बसले.

मग वाट बघणं आलं. वना पाणी मागायचा, थांबायचा, पुन्हा मागायचा. प्रत्येक हाक आधीपेक्षा बारीक. आणि ऊन कलता कलता ती थांबलीच! मला रडू आलं. माझा आवडता नियम त्या क्षणी मला पाप वाटला.

नानांनी तेवढ्यात कामाला लावलं. डोली करायची होती. एरवी दोन बांबूंना घोंगडी बांधली की झाली डोली. पण आता काळी लोकर नको. माझी काळी टोपी नानांनी आधी दगडाखाली दाबून टाकली. मग आपलं पांढरं पागोटं सोडलं. कौतिकनंही सोडलं. मगन तसाच उभा.

आमच्याकडे सुतकाशिवाय पुरुष चारचौघांत बोडका होत नाही. मगननं पागोटं दोन्ही हातांनी धरलं.

"भाऊ जित्ता शे ना, नाना? मंग मी डोकं कसं उघडं करू?"

"जित्ता ऱ्हावाले पाहिजे," नाना म्हणाले, "म्हनीसनच सोड."

मगननं पागोटं सोडलं. डोळे मिटून सोडलं.

दिवस बुडाला. कंदील लावायचा नाही, कारण माशा उजेडावर झेपावतात. बोलायचं नाही. आम्ही चार हातापायांवर सरपटत निघालो. वरचा घुमारा मंद झाला होता, पण थांबला नव्हता. एक खडा घरंगळला. आम्ही दगड झालो! घुमारा वाढला... पुन्हा उतरला.

कपारीत हात घातला तर वनाचं अंग गरम लागलं. तो धापत होता. जिवंत होता! मी ओला बोळा त्याच्या ओठांवर पिळला. पण मांडी सरळ करून कामट्या बांधायच्या होत्या, आणि मोडलेलं हाड ओढताना माणूस ओरडतोच. इथे एक किंकाळी म्हणजे आम्ही पाचही जण संपलो असतो. नाना थबकले. तेव्हा मगननं आपल्या पागोट्याचं टोक भावाच्या तोंडात दिलं, कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं आणि कानात काहीतरी पुटपुटला. नानांनी पाय ओढला. वनाचं सारं अंग ताठ झालं. आवाज आला नाही.

घळीबाहेर पडेपर्यंत माझ्या मेंदूत एवढंच होतं, घसरू नकोस, घसरू नकोस. मोकळ्या माळावर आलो तेव्हा कुठे आम्ही डोली खाली टेकवली.

सकाळी गाव दिसलं. गावालाही आम्ही दिसलो, चौघं बोडके आणि मधे पांढऱ्या कापडात गुंडाळलेला माणूस! क्षणात बायकांचा आक्रोश उठला. वनाची बायको कमलबाई वाटेतच खाली बसली आणि तिनं बांगड्या फोडायला दगड उचलला. आम्ही ओरडून सांगत होतो, पण त्या गलक्यात कोण ऐकतो?

वना तोंडातलं टोक अजून सोडत नव्हता. गप्प राहायला सांगितलं होतं, तो गप्प होता. नानांनी वाकून ते टोक हळूच सोडवलं.

"आते वरड, वना!"

आणि वना ओरडला. कालपासून दाबलेलं सगळं त्यानं बाहेर काढलं आणि साऱ्या गावादेखत बायकोला नावानं हाक मारली. कमलबाईच्या हातातला दगड पडला. नवऱ्यानं चारचौघांत नाव घेतलं म्हणून त्या बाईनं तशातही पदर पुढे ओढला.

नाना दुसरा नियम पुढेही शिकवत राहिले, पण तो सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा. मगननं ते वनाच्या रक्तानं माखलेलं पागोटं धुतलं आणि त्याच दुपारी, ओलंच, डोक्याला बांधलं.